भरती अकॅडमीवाल्यांनो, "आर्मीत असंच असतंय" हे सांगणं आता थांबवा

प्रति,
महाराष्ट्रात सैन्य आणि पोलीस भरतीच्या अकॅडम्या चालवणारे सर्व संचालक आणि ट्रेनर,
आणि ज्यांच्या जिल्ह्यात या अकॅडम्या चालतात ते जिल्हाधिकारी साहेब, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी साहेब,

जय हिंद.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतला रिटायर्ड हवालदार. सातारा जिल्ह्यातला, आता शेती बघतो आणि सकाळी गावातल्या पोरांबरोबर मैदानावर असतो. सर्व्हिसमधली बरीच वर्षं पीटी इन्स्ट्रक्टर म्हणून गेली, पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगचा कोर्स केलाय, बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला रंगरूट (नवीन भरती झालेली पोरं) पळवलेत, बाकीची सर्व्हिस काश्मीरमध्ये आरआरला (राष्ट्रीय रायफल्सला) आणि एक टेन्युअर सियाचिन ग्लेशियरवर. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पुढे जे लिहितोय ते ऐकीव नाही एवढं कळावं म्हणून सांगतोय.

आता पत्राचं कारण. आमच्या भावकीतला एक पोरगा, बारावी झालेला, तुमच्यापैकी एकाच्या अकॅडमीत होता. अकॅडमीचं नाव लिहिणार नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे म्हणतात आमच्यात तसलं काय नाही, आणि मला एकाशी भांडण करायचं नाहीये. पोराची नडगी दुखत होती. त्यानं ट्रेनरला सांगितलं, तर ट्रेनर म्हणाले दुखणं डोक्यात असतंय, तुझं मन कच्चं आहे. मग बाम चोळून पळाला, मग गोळ्या खाऊन पळाला, मग कुणीतरी दिलेलं इंजेक्शन घेऊन पळाला, आणि एका सकाळी पळता पळता हाड मोडलं. त्याला एसटीत बसवून घरी पाठवून दिलं, सोबत कोणी नाही, पाय समोरच्या सीटवर ठेवून तो तसाच आला. आणि वर बाकी फी भरल्याशिवाय दहावी-बारावीची ओरिजिनल मार्कशीट मिळणार नाहीत म्हणून निरोप. मी आणि त्याचे वडील कागद आणायला गेलो तेव्हा संचालक साहेब अगदी आदरानं बोलले, चहा मागवला, आणि मला म्हणाले, "तुम्ही तर फौजी, तुम्हाला काय सांगायचं, आर्मीत असंच असतंय ना."

नाही साहेब. आर्मीत असं नसतं. त्या दिवशी त्या पोराच्या वडिलांसमोर मी जे बोललो ते आता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण हे वाक्य मी एका ठिकाणी ऐकलेलं नाही. गावोगावच्या पोरांच्या तोंडून ऐकलंय. मारलं तरी आर्मीत असंच असतंय, आजारी पडला तरी आर्मीत असंच असतंय, जेवण पातळ मिळालं तरी आर्मीत असंच असतंय. तुम्ही सैन्याच्या नावावर फी घेताय, गेटवर रणगाड्याचा फोटो लावताय, पोरांना कॅमोफ्लाज टीशर्ट घालायला लावताय, तर मग सैन्य आपल्या माणसाला कसं तयार करतं हे तरी नीट शिकून घ्या.

आर्मी म्हणजे देवघर आहे असं मी म्हणत नाहीये. रगडा असतो. शिव्या असतात. रोल कॉलला बटण उघडं राहिलं म्हणून पिठ्ठू (पाठीवरची वजनाची पिशवी) लावून ग्राउंडला चकरा मारायला लागतात, पहिल्या महिन्यात रात्री बॅरकमध्ये पोरं पांघरुणात तोंड घालून रडतात, हे सगळं आम्ही पाहिलंय आणि सोसलंय. पण त्या रगड्याला एक हद्द असते, आणि हद्दीच्या पलीकडे काय झालं तर त्याचा जाब देणारा माणूस ठरलेला असतो. तुमच्याकडे हद्द पण नाही आणि जाब देणारा पण नाही. माझी सगळी तक्रार इथून सुरू होते.

पहिली गोष्ट दुखण्याची. कुठल्याही युनिटला, कुठल्याही सेंटरला सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला दुखतंय खुपतंय तो नाव देतो, एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जातो, डॉक्टर बघतात, आणि डॉक्टरनं पीटी माफची चिठ्ठी दिली की त्या रंगरूटाला सुभेदार मेजर साहेब सुद्धा पळवू शकत नाहीत. आता त्यात काही पोरं सोंग पण करतात, ते आम्हाला कळत नाही असं नाही, पण सोंग आहे का खरं आहे हे ठरवायचं काम डॉक्टरचं, उस्तादाचं म्हणजे इन्स्ट्रक्टरचं नाही. मी नवीन इन्स्ट्रक्टर असताना आमच्या सिनियर उस्तादांनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, की नडगीवर एकाच जागी बोट ठेवून पोरगा म्हणाला "इथं दुखतंय" तर त्याला त्याच मिनिटाला लाइनच्या बाहेर काढायचं. कारण सगळी नडगी दुखणं वेगळं आणि एका ठिकाणी बोट ठेवता येणं वेगळं, दुसऱ्यात हाडाला बारीक चीर पडायला लागलेली असू शकते. हे काही नवीन शोध नाहीत. पावलाच्या पुढच्या भागातल्या हाडाला पडणाऱ्या अशाच चिरेला डॉक्टर मार्च फ्रॅक्चर म्हणतात, १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरनं चालून चालून पाय सुजलेल्या शिपायांचं हे दुखणं लिहून ठेवलंय. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ती चीर बरेचदा दिसत पण नाही. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" असं म्हणणारा ट्रेनर त्या पोराचं हाड मोडायची तयारी करत असतो. वेळेत थांबवलं तर सहा-आठ आठवड्यांच्या आरामानं बहुतेकांचं भरून येतं. नाही थांबवलं तर काय होतं ते आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट, आणि याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या सगळ्या सर्व्हिसमधला हा सगळ्यात मोठा धडा आहे. शरीराला वेळ लागतो आणि तो वेळ कुणाच्या हुकमानं कमी होत नाही.

उंचावर पोस्टिंग आलं की आर्मी तुम्हाला सरळ वर पाठवत नाही. ९ हजार फुटांच्या वर पहिल्या स्टेजला ६ दिवस, १२ हजारांच्या वर ४ दिवस, १५ हजारांच्या वर आणखी ४ दिवस. पहिले दोन दिवस तर नुसता आराम, मग थोडं चालायचं, मग थोडा चढ, मग वजन घेऊन. वर पोस्टवर कितीही माणसं कमी असू देत, सीओ साहेबांना (युनिटच्या कमांडरना) कितीही घाई असू दे, हा क्रम कर्नलला पण आणि शिपायाला पण सारखा. मी तेव्हा तरुण होतो, फिटनेसचा माज होता, मला वाटायचं मी तर कधीही पळू शकतो, मला कशाला थांबवतात. मग वर गेल्यावर पाहिलं की चांगले पैलवान गडी, ज्यांना खाली कुणी हरवत नव्हतं, ते रात्री डोकं धरून बसलेत, आणि बारीक अंगाचा हळूहळू चालणारा गडी मजेत चहा पितोय. तिथं कळलं की ताकद असणं आणि शरीर तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसाला दुष्मनासमोर उभं करायचंय त्याला सुद्धा सैन्य इतके दिवस सांभाळून नेतं, आणि तुम्ही काय करता, तर कालपर्यंत कॉलेजच्या बाकावर बसलेल्या पोराला ॲडमिशनच्या दुसऱ्या दिवशी पहाटे डांबरी रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर पळवता, संध्याकाळी परत पळवता, आणि रविवारी सुट्टी मागितली तर आळशी म्हणता. नवीन खोंडाला सुद्धा आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही.

आणि हे सगळं कशासाठी तर १६०० मीटरसाठी. सैन्य भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढलं की ६० मार्क, दहा बीम (पुल-अप) काढले की ४० मार्क, मग नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकला चार चकरा, प्रत्येक चकरेला ब्याऐंशी-त्र्याऐंशी सेकंद. याच्यासाठी रोज वीस किलोमीटर मरायची गरज नाही हो. आठवड्यातून दोन दिवस तुकडे पाडून जोरात पळा, मधे नीट दम घ्या, एक दिवस लांब पण सावकाश पळा, दोन दिवस बीम आणि पोटाचा-पाठीचा व्यायाम, एखादा दिवस नुसतं चालणं-स्ट्रेचिंग, आणि एक दिवस पूर्ण आराम. अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, एकदम दुप्पट करू नका. एवढं केलं की चांगला पोरगा काही महिन्यांत साडेपाचच्या आत येतो, मी आमच्या गावच्या ओढ्याकाठच्या मातीच्या मैदानावर आणलेत, फुकट आणलेत.

तिसरी गोष्ट, पोरगं मेलं तर जबाबदार कोण. सेंटरला ट्रेनिंगमध्ये रंगरूट दगावला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. उस्ताद कोण होता, हवा कशी होती, पाणी किती वाजता दिलं, आदल्या दिवशी काय करून घेतलं, सकाळी कुणी तक्रार केली होती का, सगळं लिहून घेतलं जातं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पळवायच्या आधी पोरांची तोंडं बघायचो, रात्री ताप होता का विचारायचो, लघवीचा रंग कसा आहे हे सगळ्यांसमोर विचारायचो, पोरं लाजायची तरी विचारायचो. पळता पळता पोरगा वेड्यासारखं बडबडायला लागला, लाइन सोडून भलतीकडेच चालायला लागला, अंग तापलं, तर तो नाटक करत नसतो, त्याच्या डोक्यात ऊष्मा चढलेला असतो, त्याला तिथंच सावलीत आडवं करून, कपडे सैल करून अंगभर गार पाणी ओतायला सुरुवात करायची आणि त्याच वेळी गाडी बोलवायची. पाच मिनिटं सुद्धा महागात पडतात. तुमच्यापैकी किती अकॅडम्यांच्या मैदानावर बर्फ सोडा, पाण्याचा एक मोठा ड्रम तरी असतो? किती ट्रेनरना माहीत आहे की शिक्षा म्हणून हजार-हजार बैठका काढायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी पोराला गडद तपकिरी लघवी झाली तर स्नायू तुटून किडनीवर आलेलं असतं आणि त्याला त्याच दिवशी हॉस्पिटलला न्यायचं असतं?

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना पोरं गेली, त्यानंतर कुठं अंतर कमी केलं. २०२४ ला झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत एका तासात १० किलोमीटर पळायचं होतं, तिथं दहाच्या वर पोरं गेली. या गोष्टी सरकारी भरतीच्या होत्या म्हणून पेपरात तरी आल्या, विधानसभेत तरी बोलणं झालं. अकॅडमीच्या मैदानावर कोसळलेल्या पोराचं काय होतं? घरचे लोक गरीब, "अटॅक आला" म्हणतात, चार लोक मध्ये पडतात, आणि पुढच्या आठवड्यात नवीन बॅच सुरू.

रस्त्याचं पण याच्यातच सांगतो. पहाटे साडेचार-पाचला अंधारात हायवेच्या कडेनं पोरांच्या रांगा पळतात, काळे टीशर्ट, ना पुढे टॉर्च ना मागे, उसाच्या ट्रॉल्या आणि टेम्पो अंगावरून जातात. आर्मीत रात्री रस्त्यानं कॉलम चालला तर पुढे आणि मागे दिवा घेतलेला माणूस असतो, हे साध्या शिपायाला पण माहीत असतं. पण इथं चूक एकट्या अकॅडमीवाल्यांची नाही, आणि म्हणून जिल्हाधिकारी साहेब, हे तुम्हाला पण लिहितोय. तालुक्याचं क्रीडा संकुल कुलूप लावून ठेवलंय. झेडपीच्या शाळेचं मैदान पहाटे उघडत नाही. पोलीस मैदान बाहेरच्यांना बंद. मग पोरांनी पळायचं कुठं?

मारण्याबद्दल. शेवटचे पाच आले की पायावर पाइप, हे बऱ्याच अकॅडम्यांत रोजचं आहे, आणि काही जण त्याचे रील काढून टाकतात, खाली लिहितात "मिलिटरी शिस्त". मला आरआरला असताना एका गोष्टीनं सगळ्यात जास्त शिकवलं. पेट्रोलला निघालं की चाल सगळ्यात जोरात चालणाऱ्याची नसते, ज्याच्या पाठीवर सगळ्यात जास्त वजन आहे, रेडिओ सेट आहे, एलएमजी (लाइट मशीनगन) आहे, त्याची असते. कुणी मागं राहिला तर त्याचा बडी (जोडीदार) त्याच्याबरोबर थांबतो, त्याचं वजन वाटून घेतात, कारण मागं राहिलेला एकटा माणूस म्हणजे सगळ्या पार्टीला धोका. शेवटच्या माणसाला मारणारा कमांडर मी पाहिलेला नाही, पण त्याची मॅगझिन काढून आपल्या पाउचमध्ये टाकणारे कॅप्टन साहेब पाहिलेत. शेवटी येणारा पोरगा तुम्हाला सांगत असतो की त्याचं काहीतरी चुकतंय, पाय, खाणं, रक्त कमी असणं, झोप नसणं, काहीतरी. पाइपानं मारून त्याचं रक्त वाढणार आहे का?

खाण्यावर थोडक्यात लिहितो. फौजेत लंगरमध्ये जवान आधी जेवतो, साहेब नंतर. तुम्ही महिन्याचं मेसचं बिल वेगळं घेता आणि पोरांना आठवड्यातून एकदा अंडं देता. पालक विचारत नाहीत कारण त्यांना वाटतं कडक ट्रेनिंग आहे.

इंजेक्शन. हे लिहिताना हात थरथरतो. पळायच्या आधी दुखणं दाबायचं इंजेक्शन, स्टॅमिना वाढतो म्हणून स्टेरॉइड, आणि आता जिममधून आलेलं ते बीपी वाढवायचं मेफेंटरमाइन, जे ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं बीपी पडलं तर डॉक्टर वापरतात, ते अठरा वर्षाची पोरं स्वतःच्या हातानं टोचून घेतात. तुम्ही देत नसाल, मान्य, सगळे देत नाहीत. पण हॉस्टेलच्या मागं पडलेल्या सुया तुम्हाला दिसत नाहीत असं म्हणू नका. दुखणं म्हणजे शरीर थांब म्हणतंय, ते दाबून पळवलं की हाड गप्प राहतं आणि मग एकदम मोडतं. आणि हृदयाचं काय झालं तर पोरगा घरी परत येत नाही.

कागद आणि पैसे. ओरिजिनल मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, कधी कधी सही केलेला कोरा चेक, हे ताब्यात ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सैन्यात जायला पैसे लागत नाहीत. ऑनलाइन परीक्षेच्या फॉर्मला उमेदवाराला २५० रुपये लागले, बाकी एक रुपया कुणाला द्यायचा नाही. तरीसुद्धा "वर आपली ओळख आहे" म्हणणारी माणसं अकॅडमीच्या ऑफिसात बसलेली असतात. २०१७ ला ठाणे पोलिसांनी सैन्य भरतीचा पेपर फुटल्यावर पुणे, नागपूर, गोव्यापर्यंत धाडी टाकल्या, २०२१ च्या फेब्रुवारीत परत पेपर फुटला, पुण्यात अटका झाल्या आणि देशभरातली परीक्षा रद्द झाली. त्यात नुकसान कुणाचं झालं, तर ज्या पोरांनी रात्र रात्र अभ्यास केला होता त्यांचं. आणि अभ्यासावरून आठवलं, २०२३ पासून सैन्यात आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मग मैदान. लेखीत नाही निघाला तर त्याचं साडेपाच मिनिट कुणी बघणार पण नाही. तरी अजून बऱ्याच ठिकाणी दिवसभर पळवून पळवून पोरांना इतकं थकवतात की संध्याकाळी गणिताच्या तासाला सगळी डुलक्या घेतात.

मुलींबद्दल. २०२१ ला मिलिटरी पोलीसमध्ये महिला जवानांची पहिली बॅच पासआउट झाली, आता अग्निवीर म्हणून पण मुली जातायत, पोलिसात तर किती वर्षं आहेत. मला याचा मनापासून अभिमान आहे, आमच्या गावातल्या तीन पोरी तयारी करतायत. पण त्यांना पाठवायचं कुठं? हॉस्टेलला बाई वॉर्डन नाही, मैदानावर बाई ट्रेनर नाही, बाथरूमला नीट कडी नाही, पाळीच्या दिवसांत त्रास होतो हे कुणाला सांगायचं हेच त्यांना कळत नाही. रक्त कमी असलेल्या मुलीला तपासणी न करता पळवलं तर ती चक्कर येऊन पडणारच.

आता तुम्ही म्हणाल पोरांनाच घाई असते. असते, आणि मला ती समजते. कोरोनात दोन वर्षं भरती बंद राहिली, कितीतरी पोरांचं वय निघून गेलं. मग १४ जून २०२२ ला अग्निपथ आली, साडेसतरा ते एकवीस वय, त्या एका वर्षापुरती तेवीसपर्यंत सूट, चार वर्षं नोकरी आणि त्यातले २५ टक्केच पुढे कायम. योजना बरी का वाईट याच्यावर मी आज लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. पण तिच्यामुळे पोरांच्या डोक्यात घड्याळ बसलंय. ही रॅली गेली तर संपलं, असं त्यांना वाटतं, म्हणून मोडक्या पायानं पण पळतात. ही घाई तुम्हाला दिसते आणि तुम्ही तिच्यावर जाहिरात करता, "९० दिवसांत वर्दी". अशा वेळी पोराला थांबवणारा मोठा माणूस लागतो. आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. इथली आई पोराला वर्दीसाठी पाठवताना कच खात नाही. तिच्या विश्वासावर तुमचं दुकान चालतंय, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या माजी सैनिक भावांनो, दोन शब्द तुम्हाला पण. तुमच्यातल्या काहींच्या स्वतःच्या अकॅडम्या आहेत आणि चांगल्या चालवता, माझा त्यांना सलाम. पण काही जण महिन्याला थोडे पैसे घेऊन फक्त बोर्डावर नाव आणि मेडलसकट फोटो लावायला देतात आणि मैदानावर वर्षातून दोनदा जातात. तुमच्या नावाकडे बघून बाप पोराला ठेवून जातो. तिथं नडगीला बोट लावून "इथं दुखतंय" म्हणणाऱ्या पोराला मारलं जात असेल तर एक तर ते थांबवा नाहीतर नाव काढून घ्या.

माझ्या मागण्या अशा आहेत.

संचालकांकडे: ॲडमिशनच्या आधी प्रत्येक पोराची एमबीबीएस डॉक्टरकडून तपासणी, रक्त आणि छाती तपासून. रोज सकाळी दुखणं सांगायची मोकळीक आणि त्याची वही, डॉक्टरनं थांब म्हटलं तर थांबायचं. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आराम. मारणं बंद, रील काढण्यासाठी तर अजिबात नाही. मैदानावर भरपूर पाणी, उन्हाळ्यात बर्फ, फर्स्ट एड आणि एक गाडी तयार. सुया आणि इंजेक्शन सापडलं तर पालकांना आणि डॉक्टरला त्याच दिवशी कळवायचं, लपवायचं नाही. मुली घेणार असाल तर महिला वॉर्डन आणि महिला ट्रेनर असल्याशिवाय घेऊ नका. फी किती, कशाची, पोरगा मध्येच आजारी पडून गेला तर किती परत, हे लिहून द्या.

प्रशासनाकडे: कोचिंग क्लासेससाठी केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये गाइडलाइन काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, क्लास मध्येच सोडला तर फी परत, असं बरंच चांगलं आहे, पण त्या बाकावर बसवून शिकवणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. मैदानावर शरीर झिजवून घेणाऱ्या, पोरांना हॉस्टेलला ठेवणाऱ्या अकॅडम्यांसाठी वेगळे नियम करा. जिल्ह्यात कोण कोण अकॅडमी चालवतं त्याची नोंद ठेवा, ट्रेनर कोण आहे, त्यानं कुठं काय शिकलंय ते तिथं लिहा, आणि यादी लोकांना बघता येईल अशी लावा. हॉस्टेल आणि मैदान न सांगता जाऊन तपासा. अकॅडमीत पोरगा दगावला किंवा कायमचा जायबंदी झाला तर चौकशी आपोआप लागली पाहिजे, घरच्यांनी पाया पडायची वेळ येऊ नये. क्रीडा संकुलं आणि शाळांची मैदानं पहाटे पाच ते सात उघडा, कुलपाची चावी कुणाकडे आहे एवढं विचारलं तरी निम्मं काम होईल. आणि सैनिक कल्याण कार्यालयाकडे पीटी कोर्स केलेल्या माजी सैनिकांची माहिती काढता येईल, त्यांच्याकडून या ट्रेनर लोकांसाठी आठ दिवसांचं शिबिर घ्या. मी स्वतः यायला तयार आहे, मानधन नको, एसटीचं भाडं पण नको.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, मला कळतं. नोंदणीला, नियमाला वेळ लागेल, तेवढा घ्या, पण पुढची रॅली लागायच्या आत सुरुवात दिसली पाहिजे. एक गोष्ट मात्र अशी आहे की तिला ना नियम लागतो ना मीटिंग. ज्या ज्या अकॅडमीच्या कपाटात पोरांचे ओरिजिनल कागद ठेवलेत, त्यांनी ते याच आठवड्यात परत करावेत, पोरांची फी बाकी असली तरी.

आपला,
एक निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
जिल्हा सातारा